अथेन्सचा घटनाकार सोलन

ग्रीस देशाच्या आग्नेय भागात ॲटिका नावाचा एक लहानसा प्रांत आहे. त्याच्या दोन बाजूंना समुद्र व उत्तरेस डोंगरांची रांग आहे. जमीन बहुतेक खडकाळ, मातीचा थर पातळ. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळाभर ओढे कोरडे असतात. अशा भूमीत ऑलिव्हची झाडे व द्राक्षवेली चांगल्या वाढतात, जवही बऱ्यापैकी येतो. गहू मात्र जेमतेमच पिकतो. या प्रांताचे मुख्य नगर अथेन्स. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी तेथे सोलन नावाच्या पुरुषाने जी राज्यघटना रचली, तिची कीर्ती अडीच हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिली आहे. ती घटना समजून घ्यावयाची तर प्रथम ही माती आणि तिच्यावर राहणारी माणसे पाहिली पाहिजेत. सोलनने स्वतः कामाला आरंभ केला तो तेथूनच.

फार पूर्वी अथेन्समध्ये राजे होते. पुढे राजपद मागे पडले आणि सत्ता काही थोड्या कुलीन घराण्यांच्या हाती गेली. दरवर्षी नऊ आर्कॉन, म्हणजे मुख्य अधिकारी, नेमले जात. ते या घराण्यांतीलच असत. न्याय देणारे तेच आणि न्यायाचे नियम ठाऊक असणारेही तेच. कारण कायदे कोठे लिहिलेले नव्हते. इ. स. पू. ६२१ च्या सुमारास ड्रॅको नावाच्या गृहस्थाने ते प्रथम लिहून काढले. बागेतील फळे किंवा भाजी चोरणाऱ्यासही त्याने देहान्ताची शिक्षा सांगितली होती, असे जुने ग्रंथकार लिहितात. तथापि कायदा लेखी झाल्याने एक लाभ झाला. आपल्यावर कोणता नियम लागू होतो, हे गरिबाला निदान विचारता येऊ लागले. त्याचे दुःख मात्र त्यामुळे हलके झाले नाही.

त्या दुःखाचे मूळ कर्जात होते. एखाद्या साली पावसाने ओढ दिली, की लहान शेतकरी बियाण्यासाठी किंवा पोटासाठी शेजारच्या जमीनदाराकडून धान्य उचली. त्याची फेड झाली नाही, तर त्याच्या शेतात एक दगडी खांब रोवला जाई. हे शेत गुंतलेले आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास त्या खांबावरून कळे. मग तो शेतकरी आपल्याच शेतात दुसऱ्याचे कूळ होऊन राही. अशा कुळांना षष्ठांशी म्हणत. उत्पन्नाचा सहावा हिस्सा ते धन्याला देत, की सहावाच हिस्सा त्यांच्या पदरात पडे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण देणे थकले तर काय होई, याविषयी मतभेद नाहीत. कर्जाला तारण म्हणून ऋणकोचा देहच असे. तो स्वतः, त्याची बायको, त्याची मुले सावकाराच्या मालकीची होत. कित्येकांना समुद्रापलीकडे नेऊन विकण्यात येई. कित्येक रातोरात घरदार सोडून परागंदा होत. एकच भाषा बोलणारी व एकाच देवीच्या उत्सवाला जमणारी माणसे अशा रीतीने धनी आणि गुलाम होऊन एकमेकांसमोर उभी राहिली होती. सावकारांची कर्जे बुडवावीत, जमिनी सारख्या वाटून घ्याव्यात, अशी कुजबूज नगरात उघडपणे होऊ लागली. शेजारच्या मेगारा व कॉरिंथ या नगरांत अशाच असंतोषाचा लाभ घेऊन एकेका महत्त्वाकांक्षी पुरुषाने सर्व सत्ता बळकावली होती. अथेन्सही त्याच वाटेवर होते.

सोलनचा जन्म इ. स. पू. ६३० च्या आसपास झाला. त्याचे घराणे प्राचीन राजवंशाशी नाते सांगणारे होते. संपत्ती मात्र बेताचीच. त्याच्या पित्याने दानधर्मात व लोकांच्या अडीअडचणी भागविण्यात पुष्कळसा पैसा खर्च केला होता, असे सांगतात. मित्र मदत करावयास तयार होते. परंतु ज्या घरातून नेहमी दिले गेले त्या घराने आता हात पसरावा, हे तरुण सोलनला रुचले नाही. त्याने व्यापार पत्करला व गलबतातून देशोदेशी प्रवास केला. एका बंदरात जे न्याय्य मानतात ते दुसऱ्या बंदरात नवल वाटते, हा अनुभव प्रवासी व्यापाऱ्याला पुस्तकाविना मिळतो. सोलन कवीही होता. आपले राजकीय विचार त्याने काव्यातच मांडले. ग्रीक लोकांनी आपल्या सात ज्ञानी पुरुषांत पुढे त्याची गणना केली. त्याच्या काव्याचे जे तुकडे आज उपलब्ध आहेत, त्यांवरूनच त्याच्या मनाची सर्वांत विश्वसनीय ओळख होते. त्याच्याविषयीच्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी शेकडो वर्षांनंतरच्या लेखकांनी सांगितलेल्या आहेत.

त्यांपैकी एक गोष्ट सॅलमिस बेटाची. हे बेट अथेन्सच्या किनाऱ्यासमोरच आहे. त्यासाठी मेगाराकरांशी लढता लढता अथेन्सचे लोक इतके थकले, की त्या युद्धाचे नाव पुन्हा काढणाऱ्यास देहदंड द्यावा असा त्यांनी ठराव केला. सोलनला हा ठराव लाजिरवाणा वाटला. आपल्याला वेड लागले आहे अशी त्याने घरच्यांकरवी हूल उठविली, आणि एके दिवशी डोक्यावर टोपी चढवून तो धावतच बाजारचौकात आला. तेथे घोषणा करणाऱ्याच्या दगडावर चढून त्याने सॅलमिसवर रचलेली शंभर ओळींची कविता म्हणून दाखविली. वेड्याला कायदा लागू होत नाही आणि कवितेला भाषण म्हणता येत नाही! लोकांची मने पेटली, ठराव रद्द झाला आणि बेट अखेर अथेन्सच्या ताब्यात आले. या कथेत रंग किती आणि सत्य किती हे सांगणे कठीण आहे. परंतु सोलनने सॅलमिसवर कविता केली होती, यात शंका नाही. या प्रकरणामुळे अथेन्सकरांच्या मनात त्याच्याविषयी विश्वास उत्पन्न झाला.

इ. स. पू. ५९४ मध्ये सोलनची आर्कॉनच्या पदावर निवड झाली व श्रीमंत आणि गरीब यांच्यामधील तंटा मिटविण्याचा अधिकार त्याला देण्यात आला. दोन्ही पक्षांना तो मान्य होता, याचे कारण मोठे मार्मिक आहे. तो कुलीन व खाऊनपिऊन सुखी होता, म्हणून श्रीमंतांना तो आपला वाटला. सावकारीच्या पापात त्याचा हात नव्हता, म्हणून गरिबांना तो आपला वाटला. समता असली म्हणजे कलह होत नाही, असे तो पूर्वी एकदा बोलून गेला होता. प्रत्येकाला योग्यतेप्रमाणे मिळणे म्हणजे समता, असा त्याचा अर्थ धनिकांनी घेतला. प्रत्येकाला मोजून सारखे मिळणे म्हणजे समता, असा अर्थ गरिबांनी घेतला. एकाच शब्दाला टेकून उभ्या असलेल्या या दोन आशा सोलनच्या वाट्याला आल्या. त्यांपैकी कोणतीही एक पूर्ण करणे म्हणजे दुसरीचा घात होता.

याच वेळी त्याच्यापुढे एक मोह उभा राहिला. त्याच्या मित्रांनी व अनुयायांनी त्याला एकतंत्री सत्ता हाती घेण्याचा आग्रह केला. लोक अनुकूल आहेत, शेजारच्या नगरांत उदाहरणे आहेत, मग संकोच कशाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सोलनने नकार दिला. अशा सत्तेच्या जागी चढता येते, पण तेथून खाली उतरण्याची वाट नसते, या आशयाचे उत्तर त्याने दिले असे सांगतात. मासा जाळ्यात आला असता जाळे ओढावयास हा विसरला, अशी लोकांनी त्याची थट्टा केली; ती थट्टा त्याने स्वतःच आपल्या काव्यात नोंदवून ठेवली आहे. आपण केलेल्या त्यागाचे ओझे त्याला वाटत नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

अधिकार हाती येताच त्याने पहिला घाव कर्जावर घातला. जमिनीवरची व देहावरची कर्जे त्याने रद्द केली. शेतांतील खांब उपटले गेले. यापुढे कोणाही नागरिकाचा देह तारण म्हणून घेता येणार नाही, असा कायदा त्याने केला. जे अथेन्समध्येच गुलाम झाले होते ते मुक्त झाले. परदेशी विकल्या गेलेल्या कित्येकांना त्याने सोडवून परत आणले. त्यांतील काहीजण इतकी वर्षे परमुलखात भटकले होते, की आपली ॲटिकाची बोली ते विसरून गेले होते. या कृत्याला लोकांनी ओझे झुगारणे असे नाव दिले, आणि पुढे त्या नावाचा एक यज्ञोत्सवही केला. कायदेपंडितांच्या दृष्टीने ही राज्यघटना नव्हे. परंतु हिच्यावाचून पुढची राज्यघटना उभी राहू शकली नसती. कर्जापायी उद्या विकला जाणारा माणूस आज सभेत बसून मत कसे देणार?

या पवित्र कार्याला एक डाग लागला. कर्जे रद्द होणार ही बातमी सोलनने आपल्या काही निकटच्या मित्रांना आधी सांगितली होती. त्यांनी घाईने मोठमोठ्या रकमा कर्जाऊ काढून जमिनी घेतल्या. कायदा जाहीर झाल्यावर जमिनी राहिल्या आणि कर्ज उडाले. सोलन यात सामील असावा असा संशय पसरला. तो निवळला तो एकाच कारणाने. सोलनने स्वतः इतरांना दिलेले पाच टॅलंट, म्हणजे त्या काळी बरीच मोठी असलेली रक्कम, त्याच कायद्याने बुडाली होती. मित्रांना मात्र लोकांनी पुढे कायमचे दूषण दिले, असे प्लूटार्क सांगतो.

कर्ज गेले, आता जमिनींची वाटणी होईल, या आशेने गरीब वाट पाहू लागले. सोलनने जमिनी वाटल्या नाहीत. येथे तो थांबला, आणि त्याच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त जागा हीच आहे. थोरांची जमीन बळाने घेतली तर यादवी युद्ध पेटेल आणि ते शमविण्यासाठी कोणीतरी एकतंत्री सत्ताधीश उभा राहील, अशी त्याला भीती होती. श्रीमंत कर्ज बुडाले म्हणून रागावले, गरीब जमीन मिळाली नाही म्हणून रागावले. काल ज्याची दोन्ही पक्षांनी स्तुती केली होती, त्याच्याकडे आज दोन्ही पक्ष तिरक्या नजरेने पाहू लागले. तरीसुद्धा काही काळाने लोकांचा राग ओसरला आणि संपूर्ण राज्यव्यवस्था नव्याने रचण्याचे काम त्यांनी त्याच्याच हाती सोपविले. ड्रॅकोचे मनुष्यवधाविषयीचे कायदे तेवढे ठेवून बाकीचे सोलनने रद्द केले.

नागरिकांचे त्याने चार वर्ग ठरविले. ज्याच्या शेतात धान्य, तेल व द्राक्षरस मिळून वर्षाला ५०० मापे उत्पन्न होई तो पहिल्या वर्गातला. ३०० मापांचा धनी दुसऱ्या वर्गातला. त्याला घोडा पोसणे शक्य होते, म्हणून त्या वर्गाचे नाव घोडेस्वार. २०० मापे पिकविणारा, म्हणजे बैलजोडी बाळगणारा शेतकरी, तिसऱ्या वर्गात येई. उरलेले सर्व मजूर व गरीब लोक चौथ्या वर्गात. यांतील एक माप सुमारे ५२ लिटरचे होते. मोठी अधिकारपदे वरच्या वर्गांना, लहान पदे त्यांच्या खालच्यांना, आणि चौथ्या वर्गाला पद नाही. मात्र नागरिकांच्या सभेत व न्यायसभेत बसण्याचा हक्क त्यालाही होता.

आजच्या वाचकाला ही विषमता खटकेल, आणि ती खटकावी हे योग्यच आहे. परंतु त्या काळच्या अथेन्सकराला यात निराळेच नवल दिसले असले पाहिजे. आजवर माणसाचा अधिकार त्याच्या जन्मावर ठरत होता. आता तो त्याच्या कोठारावर ठरू लागला. आजोबा बदलता येत नाहीत, पण ऑलिव्हची चार झाडे अधिक लावता येतात. हे मोजमाप सोलनने आकाशातून आणलेले नव्हते. अथेन्सचा समाज शेतकऱ्यांचा समाज होता. तेथे श्रीमंती पेवांत, रांजणांत आणि घाण्याजवळच्या तेलाच्या बुधल्यांत साठविलेली असे. घटनेने तीच मापे उचलली व तीवर राज्याची पायरी बांधली.

प्रत्येक जमातीतून १०० असे चार जमातींचे चारशेंचे एक मंडळ त्याने नेमले, असे परंपरा सांगते; सभेपुढे कोणते विषय यावेत हे या मंडळाने ठरवावयाचे. जुन्या आर्कॉनांचे अरिओपागस नावाचे वृद्धमंडळ होते, ते त्याने कायद्यांचे रक्षक म्हणून कायम ठेवले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट न्यायाची. अधिकाऱ्याने दिलेल्या निकालाविरुद्ध नागरिकांच्या न्यायसभेकडे दाद मागण्याचा हक्क त्याने दिला. आणि एखाद्यावर अन्याय झाला तर त्याच्या वतीने कोणाही नागरिकाला फिर्याद करता येईल, असे ठरविले. मार खाल्लेला माणूस पुष्कळदा बोलू शकत नाही. त्याची जीभ भीतीने किंवा ऋणाने बांधलेली असते. तेव्हा त्याच्या शेजाऱ्याने बोलावे. चौथ्या वर्गाला मिळालेला न्यायसभेतील आसनाचा हक्क प्रारंभी क्षुल्लक वाटला. पण बहुतेक तंटे अखेर तेथेच येत, आणि कायद्याच्या शब्दाविषयी शंका निघाली की तिचा निर्णयही तेथेच होई. गरिबाच्या हाती आलेले हे खरे शस्त्र होते, असे ॲरिस्टॉटलचे मत आहे.

सोलनच्या बारीकसारीक कायद्यांत तर ॲटिकाची भूमीच बोलते. सार्वजनिक विहीर ठरावीक अंतराच्या आत असेल तर सर्वांनी तीच वापरावी. ती दूर असेल तर आपली विहीर खणावी. खणून दहा वाव खोलीपर्यंत पाणी लागले नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीतून दिवसातून दोन वेळा ठरलेल्या मापाची घागर भरून घेण्याचा हक्क मिळे. आळशाला फुकट पाणी नाही, पण कष्ट करूनही ज्याला यश आले नाही त्याला तहानलेला ठेवावयाचे नाही. झाड लावताना शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फूट अंतर सोडावे. अंजीर व ऑलिव्ह यांची मुळे दूरवर जातात, म्हणून त्यांच्यासाठी नऊ फूट. मधमाश्यांची पोळी दुसऱ्याच्या पोळ्यांपासून ३०० फुटांवर ठेवावीत. लांडगा मारून आणणाऱ्याला एका बैलाच्या किमतीइतके आणि लांडग्याचे पिलू आणणाऱ्याला एका मेंढीच्या किमतीइतके बक्षीस होते. अशा नियमांना राज्यघटना म्हणावे काय, असा प्रश्न पडेल. परंतु विहिरीवरचे भांडण मिटत नसेल तर सभेतले भांडण कसे मिटावे?

जी जमीन धान्य पुरेसे देत नाही, तिच्यातील धान्य बाहेर जाऊ नये म्हणून शेतमालापैकी केवळ ऑलिव्हचे तेल निर्यात करावे, असा नियम त्याने केला. नुसत्या शेतीवर एवढे लोक जगणार नाहीत, हे ओळखून त्याने धंद्यांना उत्तेजन दिले. ज्या बापाने मुलाला कोणताही धंदा शिकविला नाही, त्याला म्हातारपणी पोसण्याचे बंधन मुलावर असणार नाही, असा कायदा केला. कुटुंबासह धंद्यासाठी येऊन राहणाऱ्या परक्या कारागिरांनाही त्याने नागरिकत्वाचे द्वार उघडले. त्याच काळी स्पार्टा नगरात नेमके उलट होते. स्पार्टाजवळ विस्तीर्ण सुपीक जमीन होती आणि ती कसणारे हेलॉट नावाचे भूदास होते. तेथील नागरिकांना धंदा करण्यास मनाई होती. त्यांनी केवळ शस्त्रे चालवावीत, कारण संख्येने कितीतरी अधिक असलेल्या हेलॉटांना दाबून ठेवल्यावाचून त्यांचे राज्य एक दिवसही चालले नसते. स्पार्टाचे कायदे अथेन्सला आणून लावले असते तर अर्धे नगर उपाशी मेले असते. सोलनने आपले कायदे वस्तुस्थितीला जुळवून घेतले, असे प्लूटार्कने म्हटले आहे ते यथार्थ आहे.

समाजाचे रूप घटनेत उतरते, तेव्हा त्याचे व्यंगही उतरते. सोलनच्या घटनेत स्त्रियांना सभेत स्थान नव्हते. नागरिकांना त्याने दास्यातून सोडविले. पण परक्या देशांतून विकत आणलेल्या गुलामांचे दास्य तसेच राहिले. व्यायामशाळेत जाऊन अंगाला तेल लावण्याचीदेखील त्या गुलामांना बंदी होती. या गोष्टी सोलनला खटकल्या असतील, असे त्याच्या उपलब्ध काव्यात कोठे दिसत नाही. त्याच्या काळातील शहाणपणाची मर्यादा ती त्याचीही मर्यादा होती.

एक कायदा मात्र फार चमत्कारिक म्हणून प्रसिद्ध आहे. नगरात दुफळी माजली असता जो नागरिक कोणत्याच पक्षाला न मिळता आपले घर सांभाळून स्वस्थ बसेल, त्याचे नागरी हक्क जावेत, असे सोलनने ठरविले होते म्हणतात. सज्जन माणसे तटस्थ राहिली म्हणजे मैदान कोणाच्या हाती जाते, हे त्याने तारुण्यात पाहिले होते.

त्या दिवसांत उत्तरेकडील सिथिया देशाचा अनाखार्सिस नावाचा एक चतुर पुरुष त्याच्याकडे पाहुणा आला होता, अशी आख्यायिका आहे. सोलन कायदे लिहीत आहे हे पाहून त्याला हसू आले. लेखी कायदे हे कोळ्याच्या जाळ्यासारखे आहेत. दुबळे जीव त्यात अडकतात आणि बलवान ते फाडून निघून जातात, असे तो म्हणाला. सोलनचे उत्तर असे, की करार मोडण्यात दोघांचेही हित नसेल तेव्हा दोघेही तो पाळतात, आणि आपण नागरिकांसाठी तशाच प्रकारचे कायदे घडवीत आहो. पुढे कोणी त्याला विचारले, की त्याने अथेन्सला दिलेले कायदे सर्वोत्तम आहेत काय. अथेन्सचे लोक ज्यांचा स्वीकार करू शकतील अशांपैकी सर्वोत्तम, असे त्याने सांगितले. या उत्तरात विनय आहे, थोडी निराशाही आहे.

लाकडी फळ्यांवर हे कायदे लिहून त्या फिरत्या चौकटींत बसविण्यात आल्या, म्हणजे कोणालाही त्या फिरवून वाचता येत. आर्कॉनांनी दरवर्षी ते पाळण्याची शपथ घ्यावी आणि शपथ मोडणाऱ्याने सोन्याचा पुतळा अर्पण करावा, असा नियम होता. पण फळ्या लागल्या आणि सोलनच्या दारी रीघ लागली. कोणी स्तुती करी, कोणी दोष काढी, कोणी एखादे कलम वगळावयास सांगे, तर कोणी अमुक शब्दाचा अर्थ काय, म्हणून विचारी. अर्थ सांगत बसलो तर कायद्याची जागा आपणच घेऊ, आणि न सांगितला तर लोक रागावतील, हे ओळखून त्याने व्यापाराच्या निमित्ताने दहा वर्षे परदेशी जाण्याची परवानगी मागितली व तो गलबतात बसला. एकतंत्री सत्ता नाकारण्याइतकेच हे निघून जाणे महत्त्वाचे होते.

या प्रवासात तो इजिप्तमध्ये राहिला व तेथील विद्वान पुरोहितांशी त्याने चर्चा केल्या. सायप्रस बेटावरील एका राजाला त्याने डोंगरावरचे अडचणीचे नगर सोडून खालच्या मैदानात नवे नगर वसविण्याचा सल्ला दिला; राजाने त्या नगराला सोलनच्या नावावरून सोलोई हे नाव दिले, असे सांगतात. लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस याची व त्याची भेट ही तर जगप्रसिद्ध कथा आहे. पण क्रीसस गादीवर बसला तो सोलनच्या प्रवासानंतर पुष्कळ वर्षांनी, त्यामुळे काळाचा मेळ बसत नाही.

सोलन परतला तेव्हा नगरात पुन्हा तीन तट पडलेले होते. मैदानातील मोठे जमीनदार एकीकडे, किनाऱ्यावरील लोक दुसरीकडे आणि डोंगराळ भागातील गरीब तिसरीकडे. ॲटिकाच्या तीन तऱ्हेच्या भूमींनी जणू तीन पक्षांची नावे धारण केली होती. डोंगरवाल्यांचा पुढारी पिसिस्ट्रॅटस हा सोलनचाच आप्त होता. रूपवान, गोड बोलणारा आणि शूर. स्वतःच्या अंगावर जखमा करून घेऊन तो रथातून चौकात आला आणि शत्रूंनी आपल्यावर हल्ला केला, असे त्याने सांगितले. सभेने त्याला सोटेधारी रक्षक दिले. म्हाताऱ्या सोलनने सभेत उभे राहून विरोध केला. कोणी ऐकले नाही. इ. स. पू. ५६१ च्या सुमारास त्याच रक्षकांच्या बळावर पिसिस्ट्रॅटसने अथेन्सचा बालेकिल्ला घेतला. मित्रांनी सोलनला पळून जाण्याचा सल्ला दिला. तो घरी गेला, आपली शस्त्रे काढून त्याने ती दाराबाहेर रस्त्यावर ठेवली, आणि देशासाठी व कायद्यासाठी आपल्याला शक्य ते आपण केले, असे लोकांना कळविले.

सोलनच्या हातून जे राहिले होते, तेथूनच पिसिस्ट्रॅटसने प्रवेश केला होता. कर्जमुक्त पण भूमिहीन अशा माणसाला स्वातंत्र्य मिळाले होते, पण नांगर मिळाला नव्हता. पिसिस्ट्रॅटसने गरीब शेतकऱ्यांना शेतीसाठी पैसे उसने दिले. सोलनने सर्वस्व काढून दिले असते तर अनर्थ टळला असता, की आणखी लवकर कोसळला असता, याचा निर्णय करणे सोपे नाही. एवढे मात्र खरे, की नव्या सत्ताधीशाने वृद्ध सोलनचा मान राखला, त्याचा सल्ला घेतला आणि त्याचे बहुतेक कायदे तसेच चालू ठेवले. सोलन त्यानंतर थोड्याच काळात मरण पावला. त्याची रक्षा सॅलमिस बेटावर विखुरली, अशी कथा आहे. प्लूटार्कला ती खरी वाटत नाही.

इ. स. पू. ५१० मध्ये पिसिस्ट्रॅटसच्या मुलाची सत्ता उलथली, आणि दोन-तीन वर्षांतच क्लाइस्थेनिसने राज्यव्यवस्था पुन्हा रचली. चार जमातींच्या जागी दहा आल्या, चारशेंच्या मंडळाच्या जागी पाचशेंचे आले. सोलनने ठरविलेले चार वर्ग मात्र राहिले. इ. स. पू. ४८० मध्ये इराणी आरमार सॅलमिसच्या सामुद्रधुनीत शिरले, तेव्हा ज्यांनी अथेन्सची जहाजे वल्हवून ते बुडविले, ते वल्हेकरी बहुतेक चौथ्या वर्गातील होते. ज्यांच्याजवळ घोडा नाही, बैलजोडी नाही, त्यांच्या दंडांवर नगर वाचले. मग त्यांना सत्तेपासून दूर ठेवणे कठीण झाले. इ. स. पू. ४५७ मध्ये आर्कॉनचे पद बैलजोडीवाल्यांना मोकळे झाले, आणि काही काळाने चौथ्या वर्गाची अटही व्यवहारात कोणी विचारीनासे झाले. मापे तीच राहिली, ती मोजणारे बदलले.

पाचव्या शतकाच्या अखेरीस यादवीतून बाहेर पडलेल्या अथेन्सने आपले कायदे पुन्हा तपासून लिहून काढले, तेव्हाही सोलनचे कायदे हाच आधार धरला गेला. त्यानंतरच्या वक्त्यांना तर प्रत्येक चांगला कायदा सोलनचाच आहे असे सांगण्याची सवय लागली; त्यांतील कित्येक कायदे त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी झालेले होते. प्लूटार्कने त्याचे चरित्र लिहिले ते सोलनच्या मृत्यूनंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी. त्या वेळी अथेन्सच्या नगरभवनात त्या लाकडी फळ्यांचे थोडेसे तुकडे अजून जपून ठेवलेले होते.